पिंजऱ्याजवळ बोलू नये

पाटी माझ्याच हातची, कोळशाने लिहिलेली:
पिंजऱ्याजवळ बोलू नये.
खोकलासुद्धा आवरून धरावा.

आत अकरा काकाकुवे, पांढरे,
तुऱ्याच्या पोटात फिकट नारिंगी लपवलेले.
एक अंबोनच्या धक्क्यावर
पाण्याच्या बाटलीत कोंबलेला सापडला.
एक निवृत्त कप्तानाच्या व्हरांड्यात
सव्वीस वर्षं
साखळीच्या लांबीएवढं आभाळ बघत बसलेला.
माणसांनी यांना शब्द शिकवले,
आम्ही ते विसरायला शिकवतो.
त्याला अभ्यासक्रम नाही.
सकाळी कनारीच्या बिया, न फोडता.
दुपारी सेरामचा पाऊस, छप्पर अर्धं उघडं ठेवून.
संध्याकाळी कड्यापलीकडून
रानातल्या थव्याचा कालवा.
तेवढाच मास्तर.

पापा या कामावर गावात सगळ्यांत आधी लागले.
ओतनिएलइतकी झाडं कुणाला ठाऊक?
चाळीस मीटर उंच ढोलीत हात घालून
पिल्लू काल जेवलं की नाही
हे बोटांनी सांगणारा माणूस.
त्याच बोटांनी पूर्वी
नायलॉनच्या फासांना गाठी मारल्या.
एका मोसमात सदतीस पक्षी.
त्यात माझी शाळा, आईचं शिवणयंत्र,
चर्चच्या घंटेच्या वर्गणीतला आमचा वाटा.
मी हिशेब विचारत नाही.
तेच सांगतात, दोर तपासता तपासता,
शेजारच्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.
आम्ही म्हणतो काकातुआ.
तोडून म्हटलं तर थोरलं भावंड.
पापा हा शब्द कधी तोडत नाहीत.

मोजणी माझ्याकडे.
पहाटे साडेपाचला कड्यावर:
उडालेले, बसलेले, दिशा, अंतर, ढग.
काही दिसलं नाही तर शून्य.
शून्यही लिहावंच लागतं.
पहिल्या वर्षी हात धजत नसे,
वाटायचं, लिहिलं की खरं होईल.

कप्तानाचा पक्षी, सात नंबर.
बाकीचे महिन्या-दोन महिन्यांत गप्प झाले,
हा रोज दिवेलागणीला
कुणा म्हातारीच्या आवाजात हाक मारायचा:
मिंचे, जेवायला ये.
आणि शेवटी बारीकसा खोकला,
तोही तिचाच.
पाटी वाचून आम्ही गप्प.
एकदा आई भाताचं ताट घेऊन निघालीच होती,
दारातून परत फिरली.
चौदा महिने.
मग एक दिवस नाही बोलला. मग चाळीस दिवस नाही.
दार उघडलं, तेव्हा उंबऱ्यावर दोन तास बसून राहिला
आणि गेला, डावीकडे,
जिकडे आम्हाला वाटलं नव्हतं.

काल धुकं. कड्यावर पापा आणि मी.
साडेसहापर्यंत शून्य.
मी पेन्सिल टेकवणार, इतक्यात
खालच्या वडातून, पानांच्या फार आतून,
मिंचे, जेवायला ये.

खोकला झाला. मी श्वास धरला.
आणि पुन्हा तीच हाक,
अर्धी, बोबडी, चुकलेल्या जागी तुटलेली,
खोकल्याशिवाय.
पंख झटकले तेव्हा दिसलं:
दुसऱ्याच्या पायात वाळं नव्हतं.
रानातच जन्मलेलं, गेल्या मोसमातलं असेल.

मिंचे कोण, मला माहीत नाही.
ती जेवायला आली का,
म्हातारी किती वर्षांपूर्वी खोकायची थांबली,
कप्तानाच्या घरात आता कोण राहतं.
चौदा महिने पुसलेली हाक
हे पोर आता कुठवर नेणार?

पापांनी दुर्बीण खाली केली.
लिही, म्हणाले, दोन.
अंतर साठ मीटर.
आवाज? मी विचारलं. आवाजाच्या रकान्यात काय लिहू?
काकाकुव्याचा.
मग बराच वेळ काही नाही.
धुकं वडावरून हलेना.
पापांनी पिशवी पुढे ओढली,
साबुदाण्याच्या भाकरीची पानाची गुंडाळी सोडली,
आणि माझ्याकडे न बघता
म्हणाले, चल, खाऊन घे.